'आवाज आणि मत': चीनला नाणेनिधीत रोखायचे अमेरिकी कायदे खरंच चावतात का?

दशमान (धागाकर्ता)

मंडळी, सध्या रात्री जेवण झालं की एक विचित्र नाद लागलाय. अमेरिकी काँग्रेसमधली विधेयकं वाचायचा. सगळी नाही, फक्त एका जातीची: आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांमध्ये चीनने आणखी पाय पसरू नयेत म्हणून आणलेली.

११८व्या काँग्रेसमध्ये (जानेवारी २०२३ ते जानेवारी २०२५) यांचं पीकच आलं होतं. एक विधेयक म्हणतं, नाणेनिधीच्या एसडीआरच्या (नाणेनिधी सदस्य देशांना वाटतो ते राखीव चलन; त्याची किंमत पाच मोठ्या चलनांच्या टोपलीवरून ठरते) टोपलीत युआनचं वजन वाढवायला अमेरिकेने विरोध करावा. दुसरं म्हणतं, चीन आपला विनिमयदर कसा ठरवतो ते उघड करायला नाणेनिधीने त्याच्या मागे लागावं. तिसरं तैवानला नाणेनिधीत घ्यायच्या बाजूचं. चौथं सगळ्यात जहाल. चीनच्या वागण्याने तैवानला धोका निर्माण झाला, तर जी-२०, बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, फायनॅन्शियल स्टॅबिलिटी बोर्ड, बासल समिती अशा जागतिक अर्थव्यवहाराचे नियम ठरवणाऱ्या ठिकाणांहून चिनी प्रतिनिधींना 'शक्य तितकं' बाहेर ठेवायचं. आणि चीनला 'विकसनशील देश' म्हणणं बंद करा असं सांगणारं एक विधेयक २७ मार्च २०२३ रोजी प्रतिनिधिगृहात ४१५ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एका सुरात! त्या सभागृहात एवढं एकमत आजकाल कशावर होतं?

पण वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली. बहुतेक विधेयकांचा सांगाडा एकच. अर्थमंत्र्यांनी अमुक संस्थेतल्या अमेरिकी कार्यकारी संचालकाला सूचना द्यावी, की त्याने 'अमेरिकेचा आवाज आणि मत' वापरून तमुक गोष्टीला विरोध करावा. संपलं. म्हणजे कायद्याने बांधला जातो कोण? वॉशिंग्टनमध्ये बसलेला एक माणूस. नाणेनिधी बांधला जात नाही, चीन तर नाहीच नाही.

माझं मत असं झालंय की हे कायदे घरच्या मतदारांसाठी असतात, त्यांना दात नसतात. जाणकारांनी चूक दाखवावी.

कोपऱ्यातला

एका माणसाला चिठ्ठी द्यायला ४१५ माणसं. आमच्या सोसायटीचा कारभार बरा म्हणायचा.

(खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.)

अनुस्वार

@दशमान, धागा आवडला, पण 'दात नाहीत' हे सरसकट म्हणता येणार नाही. कुठल्या निर्णयाला किती मतं लागतात त्यावर आहे सगळं.

नाणेनिधीत अमेरिकेची मतं सुमारे १६.५ टक्के. जपानची ६.१, चीनची जेमतेम तेवढीच, किंचित कमी. आपली २.६. कोटा (प्रत्येक देशाचा नाणेनिधीतला वाटा, त्यावरच मतं ठरतात) बदलायचा किंवा नवे एसडीआर वाटायचे तर ८५ टक्के मतं लागतात. म्हणजे अमेरिका एकटी 'नाही' म्हणाली की विषय बंद. शिवाय १९४५च्या ब्रेटन वूड्स करार कायद्यानुसार अमेरिकेचा कोटा वाढवायला काँग्रेसचीच संमती लागते. तिथे काँग्रेसच्या हातात दात काय, अख्खी कवळी आहे.

कुणाला कर्ज द्यायचं हे मात्र साध्या बहुमताचं काम. तिथे १६.५ टक्क्यांनी काही अडत नाही. जुलै २०१८मध्ये तेव्हाचे अमेरिकी परराष्ट्रमंत्री पाँपिओ म्हणाले होते की चिनी रोखेधारकांना सोडवायला नाणेनिधीने पाकिस्तानला पैसे द्यायचं काही कारण नाही. सिनेटरांनी पत्रही लिहिलं. जुलै २०१९मध्ये पाकिस्तानला ६ अब्ज डॉलर मंजूर झाले.

जागतिक बँकेचंही तसंच. डिसेंबर २०१९मध्ये चीनला वर्षाला १ ते १.५ अब्ज डॉलर कर्ज द्यायचा आराखडा मंडळापुढे आला. अमेरिकेने आक्षेप नोंदवला, राष्ट्राध्यक्षांनी ट्वीट करून 'बँक चीनला पैसे देतेच का' असं विचारलं. आराखडा पुढे गेलाच.

तेव्हा विधेयक वाचताना आधी बघा: ज्या निर्णयाबद्दल ते बोलतंय तो ८५चा आहे, ७०चा की साध्या बहुमताचा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

वळचण

या 'आवाज आणि मत'वाल्या कायद्याचा फटका आपण खाल्लाय, विसरलात का सगळे?

मे १९९८. पोखरण. अमेरिकेत ग्लेन दुरुस्ती तयारच होती. अणुचाचणी करणाऱ्या देशाला वित्तसंस्थांमधून मिळणाऱ्या कर्जाला अमेरिकेने विरोध करायचा, असं १९९४ पासून कायद्यात लिहिलेलं. राष्ट्राध्यक्षांना मनात असतं तरी फारसं काही करता आलं नसतं. जी-७ मधले इतर सोबत आले आणि जागतिक बँकेची आपली बरीच कर्जं लांबणीवर पडली. मात्र माणसांच्या मूलभूत गरजांची कर्जं वगळायची असं ठरलं, आणि आंध्र प्रदेशाचं मोठं कर्ज जून १९९८मध्येच मंजूर झालं.

म्हणजे दात होते, पण जी-७ एकत्र चावलं म्हणून लागले. एकट्या अमेरिकेने नुसतं मत टाकलं असतं तर बहुमत कुठून आणलं असतं?

फाटकी_छत्री

इथे सगळे चीनची कड घ्यायला लागलेत असं दिसतंय :)

चीन आत बसून काय करतो तेही बघा. २००९मध्ये आशियाई विकास बँकेत आपला २.९ अब्ज डॉलरचा आराखडा आला होता. त्यात अरुणाचल प्रदेशातल्या पूरनियंत्रणाचे ६ कोटी डॉलर होते. तेवढ्यासाठी चीनने अख्खा आराखडा अडवून धरला. शेवटी आराखडा मंजूर झाला, पण अरुणाचलचं काम त्या पैशातून झालं नाही. बँकेत चीनची मतं किती? अमेरिका-जपानच्या निम्म्याहूनही कमी. तरी जमलं ना?

आणि 'डुइंग बिझनेस'चं प्रकरण. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं, याची जागतिक बँकेची यादी ती. २०१८च्या अहवालात चीन ७८व्या क्रमांकावर दाखवला, आकडे जसेच्या तसे ठेवले असते तर ८५वा आला असता असं चौकशीत निघालं. सप्टेंबर २०२१मध्ये बँकेने ती यादीच बंद करून टाकली. तो अहवाल निघाला त्या सुमारास बँक आपलं भांडवल वाढवायच्या खटपटीत होती आणि त्यासाठी चीनची मर्जी हवी होती. मत न टाकता प्रभाव असा असतो. मग अमेरिकी खासदारांनी चिडून कायदे आणले तर त्यांचं काय चुकलं?

पाटीपेन्सिल

इथे सहसा नुसती वाचते. पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या रस्त्यांच्या कामांवर सल्लागार म्हणून दहा-बारा वर्षं आफ्रिकेत काढली. दोन गोष्टी डोळ्यांनी बघितलेल्या सांगते.

पहिली. दशमान म्हणतात या कायद्यांना दात नाहीत. १९८९ची पेलोसी दुरुस्ती म्हणून एक प्रकार आहे. पर्यावरणावर मोठा परिणाम करणाऱ्या प्रकल्पाचा अहवाल मंडळाच्या मतदानाच्या १२० दिवस आधी खुला झालेला नसेल, तर अमेरिकी संचालकाला बाजूने मत देता येत नाही. बस, एवढंच. वर अनुस्वार म्हणतात तसं, त्या एका मतावाचून कर्ज अडत नाही. पण आमच्या ऑफिसात भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर लाल पेनाने एकच तारीख गोल केलेली असायची: अहवाल संकेतस्थळावर चढवायची. कारण तिथून १२० दिवस मोजायचे. एकदा त्या देशाच्या खात्यातून नकाशांची एक पुरवणी यायला तीन आठवडे उशीर झाला, तर बँकेच्या माणसाने अख्खी मंडळाची तारीखच पुढे ढकलली. 'वॉशिंग्टनचे १२० दिवस' हा आमच्या बोलण्यातला शब्द होता. ज्यांनी तो कायदा कधी वाचला नव्हता तेसुद्धा बोलायचे. अमेरिकेला तटस्थ राहावं लागेल अशी वेळ कुणाला आणायचीच नव्हती. मंडळात मत पडायच्या कितीतरी आधी कायदा कामाला लागलेला असायचा.

दुसरी. निविदा उघडण्याचा दिवस. बँकेचा नियम असा की बोली लावणाऱ्यांसमोर पाकिटं उघडायची आणि आकडे मोठ्याने वाचायचे. एका रस्त्याच्या कामाला सात पाकिटं आली होती. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, छताला पंखा, एक बाई पाकिटाचा कोपरा कात्रीने कापून आकडा वाचणार आणि आम्ही टिपून घेणार. सातांपैकी पाच चिनी कंपन्या. सगळ्यात कमी तिघी त्यांच्याच, आणि चौथी बोली तिसरीपेक्षा जवळजवळ दीडपट. अमेरिकी कंपनी एकही नाही. प्रतिनिधी म्हणून आलेला चिनी इंजिनिअर तिशीचा असेल, स्थानिक भाषेत त्या बाईंची थट्टा करत होता.

बँकेच्या मंडळात चीनची मतं किती टक्के, याने त्या खोलीत काही फरक पडत नव्हता.

कोपऱ्यातला

@पाटीपेन्सिल, असं लिहिणारी माणसं नुसती वाचत का बसतात? आणखी लिहा. कात्री डोळ्यांसमोर आली.

सरळमार्गी

पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद उत्तम. पण पेलोसी दुरुस्ती चालली कारण तेव्हा कर्ज मागणाऱ्याला दुसरं दार नव्हतं. आज आहे, आणि ते दार उघडायला काँग्रेसनेच हातभार लावलाय. हा माझा जुना राग आहे, तेव्हा जरा लांब लिहितो.

२०१०च्या डिसेंबरात नाणेनिधीने कोटा सुधारणा मंजूर केली. एकूण कोटा दुप्पट, आणि चीनची मतं ३.८ वरून ६ टक्क्यांवर. अमेरिकेचा नकाराधिकार शाबूत. अमेरिकेला नवीन पैसेही फारसे घालायचे नव्हते, आधी दिलेल्या एका राखीव कर्जातून इकडे वळवायचे होते. एवढी स्वस्त तडजोड! काँग्रेसने ती पाच वर्षं दाबून ठेवली. मंजुरी मिळाली डिसेंबर २०१५मध्ये, अमलात आली २६ जानेवारी २०१६ला.

आता त्या पाच वर्षांत काय झालं ते ओळीने लावा. ऑक्टोबर २०१३: शी जिनपिंग जकार्तात आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेची (एआयआयबी) कल्पना मांडतात. जुलै २०१४: ब्राझीलमधल्या फोर्तालेझात ब्रिक्सच्या नव्या बँकेचा करार, मुख्यालय शांघाय. मार्च २०१५: अमेरिकेची नाराजी बाजूला सारून ब्रिटन एआयआयबीत जायचं जाहीर करतो आणि मागोमाग जर्मनी, फ्रान्स, इटली. संस्थापक सदस्य ५७. नाणेनिधीत ६ टक्के द्यायला नको म्हणून ज्याला अडवून ठेवलं होतं, त्याने बीजिंगमध्ये स्वतःची बँक काढली आणि तिथे २६ टक्क्यांच्या वर मतं ठेवली. मोठ्या निर्णयांना तिथे ७५ टक्के लागतात. म्हणजे जो नकाराधिकार अमेरिकेला नाणेनिधीत, तोच चीनला एआयआयबीत. गणित वॉशिंग्टनकडूनच शिकलेलं.

याआधीही एकदा असं झालं होतं, फक्त तेव्हा समोर जपान होता. १९९७च्या आशियाई संकटात जपानने आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली. अमेरिकेने ती हाणून पाडली, आणि गंमत म्हणजे चीननेही तेव्हा जपानला साथ दिली नाही. २०००मध्ये अडचणीत एकमेकांना परकीय चलन पुरवायचा आशियाई देशांचा चियांग माईचा करार झालाच, पुढे तो २४० अब्ज डॉलरपर्यंत वाढला.

एआयआयबी निर्मळ आहे असं नाही. जून २०२३मध्ये तिथल्या कॅनेडियन संपर्कप्रमुखाने बँकेवर चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या माणसांचा ताबा आहे असा आरोप करून राजीनामा दिला, कॅनडाने संबंध गोठवले. तरीही तिथला सगळ्यात मोठा कर्जदार कोण? आपणच. दुसरा मोठा भागधारकही आपणच.

फाटकी_छत्री

@सरळमार्गी, काँग्रेसने २०११मध्येच सही केली असती तर चीनने एआयआयबी काढलीच नसती, असं तुम्हाला खरंच वाटतं? ३ लाख कोटी डॉलरचा परकीय गंगाजळीचा डोंगर, घरी सिमेंट-पोलादाच्या रिकाम्या भट्ट्या. बँक निघणारच होती. काँग्रेसने फार तर मुहूर्त काढून दिला.

सरळमार्गी

बँक निघाली असती, मान्य. पण ब्रिटन, जर्मनी त्यात गेले असते का, हा माझा प्रश्न आहे. 'आम्ही आत जागा मागितली, दिली नाही' हे सांगायची सोय चीनला फुकटात मिळाली.

दशमान (धागाकर्ता)

पाटीपेन्सिल यांच्यामुळे माझं मूळ मत निम्मं मागे घेतो. 'दात नाहीत' हे चूक. दात पैशात असतात.

त्यावरून आठवलं म्हणून पुन्हा शोधलं. १९९३मध्ये जागतिक बँकेने तपासणी पथक, म्हणजे इन्स्पेक्शन पॅनल, नेमलं. सरदार सरोवराचं प्रकरण, १९९२चा मोर्स आयोग (बँकेनेच करून घेतलेली त्या धरणाची स्वतंत्र चौकशी), मार्च १९९३मध्ये उरलेलं कर्ज भारतानेच नको म्हणणं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच्या पुढचं कमी माहीत असतं. गरीब देशांसाठीच्या निधीत अमेरिकेचा वाटा काँग्रेसच्या समितीतून जायचा होता, आणि बाधित लोकांना तक्रार करायला जागा दिल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत असं समितीने बजावलं. पॅनल झालं. नुसतं 'विरोध करा' लिहून ते झालं नसतं.

क्यूबाच्या १९९६च्या हेल्म्स-बर्टन कायद्यात तर ही कळ उघडच बसवलीय. अमेरिकेचा विरोध डावलून एखाद्या संस्थेने क्यूबाला कर्ज दिलं, तर तेवढी रक्कम अमेरिकेने त्या संस्थेला द्यायच्या पैशातून कापायची. क्यूबा १९६४लाच नाणेनिधीतून बाहेर पडलेला, तेव्हा प्रसंगच आला नाही. पण कायदा लिहायचा तर असा.

चीनविरुद्धच्या विधेयकांत मला ही कळ दिसली नाही. आणि आता कळतंय का नाही ते. अमेरिकेने पैसे कापले तर रिकामी जागा भरायला पाकीट घेऊन कोण उभा आहे? ज्याला रोखायचंय तोच.

वळचण

+१. निकाराग्वा बघा. २०१८च्या निका कायद्याने जागतिक बँक आणि आंतर-अमेरिकी विकास बँकेची कर्जं अमेरिका अडवू लागली. निकाराग्वा मध्य अमेरिकी आर्थिक एकात्मता बँकेकडे गेला. तिथे अमेरिका सदस्यच नाही. आवाज नाही, मतही नाही.

कोपऱ्यातला

अवांतर: तैवानच्या विधेयकाचं काय? तो नाणेनिधीत नाही हेच मला माहीत नव्हतं.

अनुस्वार

@कोपऱ्यातला, मुळात होता. १९४४मध्ये ब्रेटन वूड्सला, जिथे नाणेनिधी ठरला, चँग कै-शेकचं (पुढे तैवानला हललेलं) सरकार गेलं होतं, चीनची खुर्ची त्यांची. ती एप्रिल १९८०मध्ये बीजिंगकडे गेली. आशियाई विकास बँकेत मात्र तैवान अजून आहे, 'तैपेई, चीन' या नावाने. नाव बदललं तेव्हा निषेध म्हणून तो काही बैठकांना गेलाच नव्हता. मोठा देश नसलेल्याला या संस्थांत एका स्वल्पविरामासाठी भांडावं लागतं.

आता दशमान यांच्या पहिल्या विधेयकाकडे येतो, एसडीआरच्या. कारण त्यात एक मजा आहे जी विधेयक लिहिणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी, किंवा आली असून चालवून घेतली असावी.

युआन टोपलीत आला १ ऑक्टोबर २०१६ला, वजन १०.९२ टक्के. ऑगस्ट २०२२ पासून १२.२८ झालं. डॉलर ४३.३८, युरो २९.३१, येन ७.५९, पौंड ७.४४. आता १०.९२चं १२.२८ करायला चीनने कुणाचं मन वळवलं? कुणाचंच नाही. सूत्र तेच ठेवलं. त्या सूत्रात देशाची निर्यात आणि चलनाचा जगभरातला वापर घालायचा, आकडे येतात तसे येतात. पाच वर्षांत चीनची निर्यात वाढली, वजन वाढलं.

सूत्र बदलायचं तर ७० टक्के मतं लागतात, बदल मुळावरच असेल तर ८५. म्हणजे सूत्र बदलून युआनचं वजन कमी करायचं म्हटलं, तर अमेरिकेला निदान ७० टक्के गोळा करावे लागतील. सूत्र तसंच राहिलं, तर अमेरिकी संचालकाने आवाज आणि मत वापरून नेमका कशाला विरोध करायचा? बेरजेला?

फाटकी_छत्री

पण चीनने उद्या सूत्रच आपल्या सोयीचं करून मागितलं तर? तेव्हा हा कायदा उपयोगी पडेल की.

अनुस्वार

पडेल, आणि तेव्हा अडवणं सोपं आहे, ३० टक्क्यांच्या थोडं वर मतं पुरतात. करा बेरीज: अमेरिका १६.५, जपान ६.१, झाले २२.६. जर्मनी ५.३ धरा, २७.९. अजून एक मोठा हवा. ब्रिटन किंवा फ्रान्स, दोघांचे ४.०३. आला तर ३१.९.

टोपलीची पुढची फेरतपासणी २०२७ची आहे.

सरळमार्गी

आणि तो 'अजून एक मोठा' म्हणजे मार्च २०१५मध्ये अमेरिकेचं न ऐकता युरोपातल्या मोठ्या देशांत सगळ्यांच्या आधी एआयआयबीत गेलेला ब्रिटन. युआनचा परदेशातला मोठा बाजार लंडनलाच आहे.

कोपऱ्यातला

त्याला चिठ्ठी कोण देणार?

दशमान (धागाकर्ता)

@पाटीपेन्सिल, त्या सातपैकी काम शेवटी कुणाला मिळालं ते सांगितलंच नाहीत.

पाटीपेन्सिल

दुसऱ्या क्रमांकाच्या चिनी कंपनीला. पहिलीने अनुभवाचा दाखला जोडला नव्हता. रस्ता झाला, चांगला झाला. उद्घाटनाच्या पाटीवर जागतिक बँकेचं नाव वर होतं, पण गावातले लोक अजून त्याला 'चिनी रस्ता' म्हणतात.